स्वस्त बास गिटारच्या तारा बझ होतात, आधी पिकअप बदलू का?

पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा भाग, आत्ता नको. तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) धातूच्या पट्टीवर, घासत असेल तर कितीही भारी पिकअप बसवा, बझ तसाच राहील. बहुतेक वेळा दोष नेकमध्ये असतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेक हलते, अगदी नव्या बासचीसुद्धा.

ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण 0.3 मिमी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी धातूची सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा. जास्त असेल तर तेवढाच आवळा. पुन्हा ट्यून करून मगच बघा. ॲलन की मापाचीच घ्या आणि रॉडचा नट जड जात असेल तर जोर अजिबात लावू नका, रॉड तुटला की नेकच बाद!

मग 12व्या फ्रेटवर ई तारेची उंची 2.5 मिमीच्या आसपास येईल असं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) खालीवर करा. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या तारांवर खुशाल घाला, फरक लगेच ऐकू येतो. व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर त्याच्या पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब दहावीस वेळा पूर्ण फिरवा.