शैलचित्र, कातळशिल्प की खोदचित्र?

प्रश्न असाय की सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय चेस नॅशनल पार्कमधे ॲबोरिजिनल लोकांनी खडकावर कोरलेले वॉलबी (कांगारूचे छोटे भाऊबंद), मासे वगैरे आहेत, त्यांच्या फोटोखाली मराठीत काय लिहायचं, शैलचित्र चालेल का? (सध्या एका फोटोखाली तुम्ही "कांगारू" लिहिलंय, त्यावर शेवटी येतो.)

माझ्या मते नको. शैलचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भीमबेटका येतं, म्हणजे रंगवलेलं. इथे रंग नाहीये, वालुकाश्माच्या सपाट खडकावर नुसती बाह्यरेषा आहे.

मग कातळशिल्प? हा शब्द रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या) खोदकामांमुळे आता घराघरात पोचलाय (२०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली ना ती), आणि कातळ म्हणायला हरकत काहीच नाही, कातळ काय जांभ्याचाच असतो असं थोडंच आहे. मला खटकतं ते शिल्प. शिल्प म्हणजे उठाव हवा, गोलाई हवी. इथे बोटभर रुंदीची एक खाच प्राण्याच्या अंगाभोवती फिरून येते, बस्स.

म्हणून खोदचित्र. आणि ते कसं केलंय ते बघितलं तर आपल्याकडचा आणखी एक शब्द आठवतो, टाकी (पाण्याची नव्हे, पाटा खडबडीत करायला छिन्नीने ठोके देतात ती). आधी टोकदार दगडाने ठोकून ठोकून ओळीने खड्डे पाडायचे, मग मधली जागा घासून ते जोडायचे की रेषा तयार, धातूचं हत्यार नाहीच. काही ठिकाणी खाचेत ते गोल खड्डे अजून वेगळे दिसतात, डिट्टो पाट्यावर टाकी लावल्यावर दिसतात तसे! (पाटा माहीत नसेल तर आजीला विचारा, मिक्सरवाल्यांनो.) फोटो काढायचा तर सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर, डोक्यावर ऊन असलं की रेषाच गायब होते.

आता तुम्ही फोटोला "कांगारू" लिहिलंय त्याबद्दल. कांगारू हा शब्द सिडनीचा नाही, तो पार उत्तरेकडचा, कुकटाउन भागातल्या गूगू यिमिथिर भाषेतला "गंगुरू", १७७० मधे कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लोकांनी तिथे ऐकून टिपलेला. ("मला माहीत नाही" असा त्याचा अर्थ होतो ही निव्वळ लोणकढी थाप आहे, एका जातीच्या कांगारूचंच ते नाव.) वॉलबी मात्र सिडनीकडच्याच धारुग भाषेतला. तेव्हा प्राणी खरंच वॉलबी असेल तर बिनधास्त "वॉलबीचं खोदचित्र" लिहा, निदान अर्धी कॅप्शन तरी तिथल्याच भाषेत होईल.