'मी ड्राइव्ह करत नाहीये, ट्रॅव्हल करतोय' : वाचकांचे कायद्याचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. माझा भाचा एमएस करायला टेक्सासला आलाय, पोरगा हुशार आहे पण रात्ररात्र व्हिडिओ बघत बसतो. परवा फोनवर म्हणाला, मावशी लायसन्स फक्त ट्रक-टॅक्सीवाल्यांना लागतं, आपण ड्राइव्ह करत नसतो, ट्रॅव्हल करत असतो, पोलिसाला एवढं सांगितलं की त्याला सोडावंच लागतं. त्याच्या एका अमेरिकन मित्रानं तर घरी बनवलेली नंबर प्लेट लावलीये म्हणे. हे सॉव्हरिन सिटिझन नक्की काय आहे? यात थोडा तरी कायदा आहे का? (एक मावशी, एडिसन)

उत्तर : मावशी, आधी भाच्याला विचारा, तू कुठल्या व्हिसावर आलायस रे? अमेरिकन सरकारचा माझ्यावर हक्क चालत नाही असं म्हणणारा हा पठ्ठ्या त्याच सरकारच्या शिक्क्यावर विमानातून उतरलाय. हसून झालं की पुढचं वाचा, पुढे हसण्यासारखं फार नाही.

सॉव्हरिन सिटिझन म्हणजे सरकारचा कायदा आपल्याला लागूच नाही असं मानणारे लोक. त्यांची गोष्ट अशी : १९३३ साली अमेरिकेनं सोन्याशी बांधलेलं चलन सोडलं (एवढं खरं आहे), तेव्हा म्हणे सरकारचं दिवाळं निघालं आणि त्यानं नागरिकांनाच तारण ठेवलं. प्रत्येक बाळाच्या जन्मदाखल्यावरून एक कागदी माणूस तयार होतो, त्याचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत असतं, आणि टॅक्स, दंड, कर्ज जे काही आहे ते त्या कागदी माणसाचं, हाडामांसाचा मी वेगळा. म्हणून मग नावात मधेच विसर्गासारखे दोन टिंब, हायफन, सहीशेजारी लाल शाईचा अंगठा, कोर्टातल्या झेंड्याला सोनेरी झालर दिसली की 'हे समुद्री कोर्ट आहे, जमिनीवर याचं चालत नाही'. आपल्याकडे गंडा, ताईत, लिंबू-मिरची असते ना, तसंच हे, फक्त धाग्याऐवजी कायद्याचं कलम बांधलंय. ठरावीक शब्द ठरावीक पद्धतीनं उच्चारले की सरकार नावाचं भूत उतरतं!

आता 'ट्रॅव्हल'चं बघू. हे लोक व्हर्जिनियाच्या १९३० च्या एका निकालातलं वाक्य दाखवतात, की रस्त्यावरून मोटारीनं जाणं हा नागरिकाचा हक्क आहे. वाक्य खोटं नाही, पण त्याच निकालात पुढे म्हटलंय की या हक्कावर सरकार नियम घालू शकतं, परमिट मागू शकतं. तेवढा भाग व्हिडिओत येत नाही. आणि त्याआधीच, १९१५ साली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की राज्य गाडीचं रजिस्ट्रेशन आणि चालवणाऱ्याचं लायसन्स सक्तीचं करू शकतं. शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

रस्त्यावर प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. पोलिस थांबवतो, लायसन्स-इन्शुरन्स मागतो. हा काच दोन बोटं खाली करतो आणि त्या फटीतून एक अ‍ॅफिडेव्हिट सरकवतो. मी ट्रॅव्हल करतोय, माझी संमती नाही, माझ्यामुळे नुकसान कुणाचं झालंय ते दाखवा, तुमच्या साहेबाला बोलवा, आणि मोबाइल सतत चालू. साहेब येतो, तोही लायसन्सच मागतो. मग गाडीतून उतर म्हणतात, हा उतरत नाही, कारण त्याला वाटतं उतरणं म्हणजे करार मान्य करणं. पण थांबवलेल्या गाडीतून चालकाला उतरवण्याचा अधिकार पोलिसाला आहे हे सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच स्पष्ट केलंय, त्यामुळे शेवटी काच फुटते, माणूस बेड्यांत आणि गाडी टो. पावती फाडून घरी गेला असता तिथे अडथळा आणल्याचा नवा गुन्हा अंगावर घेतो.

हे निदान कागदावर निस्तरतं. २० मे २०१० ला आर्कन्सॉमधल्या वेस्ट मेम्फिसला हायवेवर पोलिसांनी एक पांढरी व्हॅन थांबवली. आत बाप आणि १६ वर्षांचा मुलगा. बाप गावोगाव सेमिनार घ्यायचा, घराचं कर्ज न फेडता कसं सुटायचं याचे. बोलणं चालू असताना मुलगा रायफल घेऊन उतरला आणि त्याच्या गोळीबारात दोन पोलिस गेले, त्यातला एक तिथल्याच पोलिस चीफचा मुलगा. दीड-एक तासानं वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये हे बापलेकही गोळीबारात मेले. मुलगा गमावलेला तो चीफ नंतर देशभर फिरून पोलिसांना शिकवत राहिला की असे कागद हातात आले तर सावध राहा. तेव्हा मावशी, खिडकीशी आलेला पोलिस आधीच ताणात का असतो ते यावरून कळेल. घरच्या प्लेटची गाडी लांबूनच दिसते त्याला.

अजून एक भाच्याला आवर्जून सांगा. हे सगळं उगवलं १९७० च्या आसपासच्या पॉसी कॉमिटॅटस नावाच्या गटातून, आणि ती माणसं उघड वर्णद्वेषी आणि ज्यूद्वेषी होती. गुलामगिरी संपल्यावर १८६८ च्या घटनादुरुस्तीनं ज्यांना नागरिकत्व मिळालं ते त्यांच्या लेखी दुय्यम नागरिक, खरे सॉव्हरिन फक्त गोरे. आज यात कृष्णवर्णीयांचे मूरिश (स्वतःला मूर लोकांचे वंशज म्हणवणारे) गटसुद्धा आहेत हा वेगळाच विनोद, पण मूळ गुरूंनी आपल्या सावळ्या भाच्याला अंगणातसुद्धा उभं केलं नसतं.

त्यानं करायचं इतकंच : टेक्सासला राहायला आल्यापासून ९० दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं. पोलिसानं थांबवलं तर हात स्टीअरिंगवर, मागितलेले कागद द्यायचे, चूक त्याची वाटली तरी भांडण रस्त्यावर नाही, कोर्टात. आणि त्या मित्राच्या गाडीत बसायचं नाही. पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न असतो, तिथे 'अटक कागदी माणसाला झाली होती' असं लिहून चालत नाही.

प्रश्न : वॉकेशा केसचं लाइव्ह मी जवळजवळ रोज बघितलं. तो आरोपी जजला इतकं काहीबाही बोलत होता, आपल्याकडे असता तर पहिल्याच दिवशी बाहेर काढला असता. एवढं का सहन करतात? (लॉ स्टुडंट, ठाणे)

उत्तर : काढला होता की! शेजारच्या खोलीत बसवून, माइक म्यूट करून सुनावणी चालू ठेवली. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी : विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशाला २१ नोव्हेंबर २०२१ च्या ख्रिसमस परेडमध्ये डॅरेल ब्रूक्सनं गाडी घुसवली, ६ माणसं गेली. खटल्याच्या तोंडावर त्यानं सरकारनं दिलेले बचावाचे वकील नको म्हणून सांगितलं आणि स्वतःच उभा राहिला. १९७५ च्या फॅरेटा निकालानं आरोपीला तो हक्क आहे, जाणूनबुजून नाकारतोय एवढं जजनं तपासायचं, वकिली येते की नाही हे तपासायचं नसतं. मग रोज तेच सॉव्हरिन सिटिझनवालं. हे नाव माझं नाही, या कोर्टाला 'सब्जेक्ट मॅटर ज्युरिस्डिक्शन' (अशा प्रकारचा खटला चालवायचा अधिकार) आहे हे सिद्ध करा, वगैरे. एकदा तर शर्ट काढून बसला होता.

सहन करण्यामागे जजचा हिशोब असतो. जेनिफर डोरो बाईंनी एखाद दिवशी संतापून त्याचं बोलणंच बंद केलं असतं, तर अपिलात तो म्हणाला असता की मला बाजू मांडू दिली नाही, आणि त्या सहा घरांना सगळं पुन्हा ऐकावं लागलं असतं. म्हणून प्रत्येक आक्षेप ऐकायचा, रेकॉर्डवर घ्यायचा, फेटाळायचा, पुढे जायचं. एरवी छोट्या केसमध्ये आरोपी 'प्लीड करत नाही' (गुन्हा कबूल की नाकबूल, काहीच सांगत नाही) म्हणाला की जज स्वतःच 'नॉट गिल्टी' लिहून घेतात, विषय संपला. या थिअऱ्या कशाही मांडल्या तरी थोडक्यात फेटाळून लावा असं शिकागोच्या अपील कोर्टानं २०११ मध्येच लिहिलंय. ब्रूक्स ७६ च्या ७६ आरोपांत दोषी ठरला, सहा जन्मठेपा आणि वर आणखी ७०० हून जास्त वर्षं.

वकील का नको, हेही यांच्या पोथीत आहे. बार (वकिलांची संघटना) म्हणे ब्रिटिशांची, वकिलाच्या नावामागचं 'एस्क्वायर' ही सरदारकी, आणि सरदारकी घेणाऱ्याचं नागरिकत्व रद्द करणारी दुरुस्ती दडपून ठेवलीये. अशी दुरुस्ती १८१० मध्ये काँग्रेसनं मंजूर केली होती हे खरं, पण पुरेशा राज्यांनी मान्यता दिली नाही म्हणून ती कधी लागूच झाली नाही. प्रत्येक गप्पेच्या तळाशी असा एक खरा खडा असतो, म्हणूनच हुशार पोरं फसतात.

कॅनडात २०१२ साली एका घटस्फोटाच्या केसमध्ये नवरा असेच कागद घेऊन आला, तर अल्बर्टाचे जज जॉन रूक यांनी त्याच्या निमित्तानं ७०० हून जास्त परिच्छेदांचा निकाल लिहिला, एकेक युक्तिवाद सोलून ठेवलाय. लायब्ररीत शोधून वाच, परीक्षेला नाही आला तरी वाच. त्यात ते सगळ्यात चिडलेत ते अशिलावर नाही, हे कागद विकणाऱ्या गुरूंवर. बुवाबाजीच ही! पुस्तक विकायचं, सेमिनार घ्यायचे, तोडगा चालला नाही तर 'तूच शब्द चुकवलास'. यांच्या टॅक्सवाल्या चुलतभावंडांचं (टॅक्स आपल्याला लागूच नाही म्हणणाऱ्यांचं) उदाहरण म्हणजे नट वेस्ली स्नाइप्स, रिटर्न भरले नाहीत म्हणून २००८ मध्ये ३ वर्षांची शिक्षा. त्या केसमध्ये निदान गुरूला जास्त लागली, १० वर्षं.

प्रश्न : मी निवृत्त तलाठी. अमेरिकेत हे लोक जजच्या घरावर खोटा बोजा चढवतात असं वाचलं. तिथे नोंद करताना कुणी तपासत नाही का? (सातारा)

उत्तर : काका, तुमच्या हातून फेरफार सुटला नसता! तिथे बऱ्याच ठिकाणी फॉर्म आणि फी बरोबर असली की क्लार्क दावा दाखल करून घेतो, खरा-खोटा ठरवणं त्याचं काम नाही. हे लोक मग लिहितात की अमुक पोलिस किंवा जज मला काही कोटी डॉलर देणं लागतो. त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो, घर विकायला किंवा कर्ज काढायला गेला की कळतं, मग ते काढून टाकायला कोर्टात हेलपाटे. इतकं वाढलं की आता फेडरल जज-अधिकाऱ्यांवर असा खोटा बोजा चढवणं हा १० वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रश्न : भारतात असलं काही आहे का? (व्हॉट्सअ‍ॅपवरून)

उत्तर : हुबेहूब नाही, पण मथुरेचं जवाहर बाग आठवतंय? तिथल्या पंथाची मागणी होती की राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या निवडणुकाच रद्द करा, आझाद हिंदचं चलन आणा आणि १ रुपयात ६० लिटर डिझेल द्या. २ जून २०१६ ला हायकोर्टाच्या आदेशावरून बाग रिकामी करायला पोलिस गेले, त्यात दोन पोलिस अधिकारी आणि वीसहून जास्त माणसं गेली. २०१४ मध्ये हे लोक तिथे बसले ते प्रशासनाकडून दोन दिवसांची रीतसर परवानगी घेऊन.