परदेशी साइटवरचा हेडलॅम्प: आकडे आपसात जुळतात का ते आधी बघा

रात्रीच्या ट्रेकसाठी हेडलॅम्प हवाय. एका परदेशी साइटवर ‘एक लाख ल्युमेन, ९९०० एमएएच, वॉटरप्रूफ’ (ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, एमएएच म्हणजे सेलची क्षमता) असा बाराशे रुपयांना दिसतोय आणि इथल्या दुकानात अडीच हजारांना जेमतेम चारशे ल्युमेनचा मिळतोय. मग कुठला घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. परदेशातून जरूर मागवा, मीही बरेच दिवे तसेच घेतलेत. पण हा बाराशेवाला नको. का नको ते जरा सविस्तर सांगतो, कारण हाच हिशोब उद्या पॉवरबँक घेतानाही कामाला येईल.

वस्तू हातात घेऊन बघता येत नसेल तर विक्रेत्याने लिहिलेले आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. मोजून लिहिलेले आकडे आपसात जुळतात. ठोकून दिलेले जुळत नाहीत, कारण खोटं लिहिणारा प्रत्येक आकडा वेगवेगळा फुगवतो.

सेलपासून सुरुवात करू. या दिव्यात १८६५० सेल आहे, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. एवढ्या आकारात सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक यांचे उत्तम सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतात. अलीकडे मोजके काही ४००० च्या जवळ गेलेत. ९९०० हा आकडा या आकारात बसतच नाही. आता ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे १२.६ वॉट-तास. चांगला एलईडी दिवा एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतो, त्यामुळे एका सेलवर १००० ल्युमेन सव्वा तास, ३०० ल्युमेन चार तास किंवा १०० ल्युमेन बारा तास मिळू शकतात. थोडं इकडेतिकडे होईल, पण याच्या दुप्पट-तिप्पट कोणी सांगत असेल तर तिथेच थांबायचं.

एक लाख ल्युमेनला याच हिशोबाने १००० वॉट लागतील, म्हणजे घरातल्या इस्त्रीइतकी वीज, तीही कपाळावर. सेलमधून सुमारे २८० अँपिअर ओढावे लागतील. चांगला सेल सलग १०-२०, फार तर ३०-३५ अँपिअर देतो. गाडीच्या साध्या एच४ हॅलोजन बल्बचा लो बीम १००० ल्युमेनचा असतो, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे दुकानातला चारशे ल्युमेनचा दिवा तुम्हाला वाटतोय तेवढा मंद नाही. मळलेल्या वाटेवर चालायला ५०-१०० ल्युमेन पुरतात. वाट चुकल्यावर पुढची खूण शोधायला किंवा कातळातले टप्पे बघायला २००-३०० हवेत. त्याच्या वरचं थोड्या वेळापुरतं.

प्रामाणिक कंपन्या एएनएसआय एफएल-१ या टॉर्च-हेडलॅम्पसाठीच्या अमेरिकी मानकाप्रमाणे आकडे देतात. त्यात ल्युमेन दिवा लावल्यावर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान मोजतात आणि ‘रनटाइम’ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. म्हणजे खऱ्या आकड्यांमध्येही ‘१००० ल्युमेन, ६ तास’ याचा अर्थ सहा तास हजार ल्युमेन असा होत नाही. लहान दिवा तापतो आणि काही मिनिटांत आपणहून निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. म्हणून मी सर्वात वरचा मोड बघतच नाही, मधल्या मोडचे ल्युमेन आणि तास बघतो.

याच मानकात एक तपासणी फार उपयोगी आहे. प्रकाशाचा पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ते अंतर, साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेइतका. त्याचं सूत्र सोपं आहे: कँडेलाचं (झोताच्या तीव्रतेचं माप) वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर. वर्णनात दोन्ही आकडे असतील तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर लगेच कळतं. ‘५००० कँडेला, पल्ला १००० मीटर’ असं दिसलं तर लिहिणाऱ्याने काहीच मोजलेलं नाही. आणि कँडेला कुठेच दिले नसतील, फक्त ‘सुपर ब्राइट’ असेल, तर मी ते पान बंद करतो.

वजन हा माझा सगळ्यात आवडता आकडा. खरा १८६५० सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. स्वस्त सेलच्या आत बऱ्याचदा छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भरताड असतं, म्हणून तो तिशीच्या आसपासच राहतो. आमच्या एका ट्रेकमित्राने असाच दिवा मागवला होता. राजमाचीहून कोंदिवड्याच्या बाजूला रात्री उतरताना तासाभरात तो पिवळा पडून विझला आणि खालची सगळी वाट त्याला दोघांच्या मधे चालावं लागलं. घरी सेल किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर २८ ग्रॅम. वरच्या आवरणावर मात्र ठळक अक्षरात ९८०० एमएएच. हे मागवण्याआधीही कळू शकतं: दिव्याचं सेलसकट आणि सेलशिवाय वजन दिलंय का बघा आणि वजाबाकी करा. चांगले विक्रेते दोन्ही देतात.

वॉटरप्रूफ हा शब्द पूर्ण सोडून द्या, आयपीएक्सचा (पाण्यापासून बचाव किती ते सांगणारा) आकडा शोधा. ४ म्हणजे उडणारं पाणी चालतं, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसाला ४ काठावर पुरतं, मी ७ च्या खाली जात नाही. इथेही पडताळा घ्या. मागचं झाकण उघडून दाखवलेला फोटो हवा, त्यात आट्यांच्या मुळाशी रबराची रिंग दिसायला हवी आणि चार्जिंगच्या भोकावर घट्ट बसणारं बूच हवं. फक्त संगणकावर काढलेलं चित्र असेल, त्यावर पाण्याचे शिंतोडे उडवलेले असतील, तर त्यातून काहीच कळत नाही.

अभिप्राय वाचताना पंचतारांकित आणि एकतारांकित दोन्ही बाजूला ठेवा. दोन-तीन तारे देणारा माणूस बहुधा वस्तू वापरून बोलत असतो. अभिप्रायांतले फोटो याच वस्तूचे आहेत ना तेही बघा. जुन्या पानावर वस्तू बदलून आधीचे तारे तसेच ठेवण्याची चाल सर्रास चालते, मग हेडलॅम्पखाली मोबाइल कव्हरचं कौतुक सापडतं. आणि सर्वात कमी दाखवलेली किंमत कधीकधी नुसत्या पट्ट्याची असते.

आता पैशांचं. साइटवरची किंमत ही खरी किंमत नव्हे. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा धरून लागतं, मग शुल्कासकटच्या त्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. कुरिअर असेल तर त्यांचा हाताळणी खर्च, केवायसीची कागदपत्रं आणि कार्डावरचा परकीय चलनाचा आकार वेगळा. मी ढोबळमानाने दीडपट धरतो आणि तरीही परवडलं तरच मागवतो. विक्रेता ‘गिफ्ट लिहून पाठवतो, पाच डॉलर दाखवतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. पाच हजार रुपयांपर्यंतच्या गिफ्टची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या पाच डॉलरच्या हिशोबाने. अली एक्सप्रेस ही चिनी खरेदीची साइट भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, तेव्हा आडमार्गाने तिथे जाऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या.

‘तीस दिवसांत परत’ या आश्वासनाची किंमत मी शून्य धरतो. पार्सल परत पाठवायला वस्तूपेक्षा जास्त खर्च येतो आणि हे विक्रेत्याला पक्कं माहीत असतं. तुमचं खरं संरक्षण म्हणजे क्रेडिट कार्ड किंवा पेपाल. थेट बँकेत पैसे पाठवू नका. पाकीट फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. दोष निघाला तर तक्रार मुदतीत नोंदवा. ‘अजून पंधरा दिवस थांबा’ किंवा ‘२० टक्के परत देतो, तक्रार मागे घ्या’ असे निरोप मुदत संपेपर्यंत येत राहतात. त्यांना उत्तर द्या, पण तक्रार मिटवू नका.

सेल मात्र इथेच घ्या. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला एप्रिल २०१६ पासून मनाई आहे, त्यामुळे साध्या टपालाने स्वस्तात सेल पाठवणारा विक्रेता बहुधा पाकिटावर काहीतरी दुसरंच लिहीत असतो. इथे घेताना सेलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

तुमच्या वापराला चीनमधल्या शेन्झेनच्या सोफिर्नसारख्या कंपनीचा, १८६५० वर चालणारा साधा हेडलॅम्प पुरेल. प्रकाश ४०००-५००० केल्विनचा निवडा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). निळसर पांढरा ६५०० चा उजेड मला तरी नकोसा वाटतो. आणि एखादा अगदी मंद मोड हवाच, तंबूत आणि नकाशा बघायला तोच लागतो. सगळी बेरीज करून दुकानातल्या अडीच हजारांच्या आसपासच येत असेल तर दुकानातला घ्या, तो बिघडला तर नेऊन दाखवता येतो.

दोन-तीन मॉडेल निवडलीत की त्यांचं वजन, कँडेला, सेलचा प्रकार आणि मधल्या मोडचे तास इथे टाका. लिंक नसली तरी चालेल, आकड्यांवरून हिशोब करून सांगतो.