पंखवाली वेट फ्लाय: आत्ता एवढंच

वेट फ्लाय म्हणजे मासेमारीच्या गळावर पिसं आणि दोऱ्याने बांधलेली, पाण्यात बुडणारी नकली माशी. तिचा पंख वाकडा बसला म्हणून नाराज होऊ नका. माझ्या पहिल्या डझनभर माश्या कुबड्याच होत्या, तरी ट्राउट माशांनी त्यातल्या दोन घेतल्या.

सुरुवातीला एकच नमुना धरा: ग्रीनवेल्स ग्लोरी. 1854 मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीकाठी जेम्स राइटने कॅनन (चर्चमधले धर्मगुरू) ग्रीनवेल यांच्यासाठी बांधलेली ही माशी. अंग म्हणजे मेण लावलेला पिवळा रेशमी दोरा आणि वर सोनेरी तारेचे वेढे, बस्स. म्हणून सगळं लक्ष पंखाकडे देता येतं. गळ 12 नंबरचा घ्या, 16 च्या (आकडा मोठा तसा गळ लहान) नादी आत्ता लागू नका.

मूळ पंख ब्लॅकबर्ड या पक्ष्याच्या पिसाचा. तुम्ही बदकाचं करडं पीस वापरा. पिसाच्या पट्ट्या दोन लागतात, एक डाव्या पंखातल्या पिसाची, एक उजव्या. दोन्ही एकाच बाजूच्या घेतल्या तर हात कितीही स्थिर असो, पंख पिळवटणारच. बहुतेक नवखे इथेच फसतात. पट्ट्या जुळवून चिमटीत घट्ट धरा, दोऱ्याचा सैल फास चिमटीतून वरून पलीकडे न्या आणि सरळ खाली ओढा. दोरा आवळेपर्यंत चिमूट सोडायची नाही!

आणखी दोन चुका:
- गळाच्या डोळ्याला (दोर बांधायच्या भोकाला) चिकटून बांधणं. मागे दोनेक मिलिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर डोक्याला जागा उरत नाही.
- हॅकलचा (माशीच्या मानेभोवती गुंडाळायच्या पिसाचा) झुपका. दोन वेढे पुरेत. ही माशी बुडायला हवी.

मॅलार्ड बदकाच्या तपकिरी पिसाचे पंख नंतर बघू, ते भल्याभल्यांना रडवतात. आधी हीच सहा वेळा बांधा. बिघडली तर दोरा उलगडा, गळ वाया जात नाही.