आधी मागं नाव लिहा, अल्बमचं नंतर बघू

पावसाळा तोंडावर आला म्हणून असेल, या वेळी वाचकांची पत्रं जास्त करून जुन्या फोटोंचीच आलीत. सगळी छापणं होणार नाही, ज्या उत्तरातनं बाकीच्यांचंही काम भागेल अशी घेतलीत.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं घर पाण्यात गेलं. सासूबाईंच्या लग्नाचा अल्बम नंतर उन्हात वाळवला पण पानं एकमेकाला चिकटून नुसती वीट झालीय. एकदोन फोटो ओढून काढले तर चेहराच प्लास्टिकला चिकटून आला. काही करता येईल का? – एक सून, शिरोळ तालुका

वहिनी, ओढणं आधी थांबवा. फोटोतलं चित्र थेट कागदावर नसतं, कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे बारीक कण असतात (रंगीत असेल तर रंग). पाणी लागलं की हे जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि समोर जे काय असेल, काच प्लास्टिक नाहीतर दुसरा फोटो, त्यालाच धरून वाळतं. म्हणून ओढलं की कागद एकीकडं आणि माणूस दुसरीकडं.

पहिलं काम म्हणजे अल्बम आहे तसा, पान न् पान, दिवसाच्या उजेडात मोबाईलवर काढून ठेवा, प्लास्टिकमधनं दिसतंय तेवढं तरी हाताशी राहील. मग ज्या फोटोची दुसरी कॉपी कुणा पाहुण्यांकडं आहे असा एखादा कडेचा फोटो प्लास्टिकसकट कापून घ्या आणि ताटात स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा. आपणहून सुटला तर सुटला, नखानं उचकटायचं नाही, चोळायचं नाही. सुटलाच तर चित्र वर करून टिपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर सावलीत वाळवा, वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई लागते. आणि पाण्यात रंग सुटायला लागला, चित्रच विरघळायला लागलं तर तिथंच थांबा, बाकीच्यांना पाणी दाखवू नका. बुरशीनं जिलेटिन खाल्लेलं असलं की असं होतं, मग हे फोटो संवर्धन करणाऱ्या जाणकार माणसाचंच काम, घरी प्रयोग नको.

पुढच्यासाठी एक सांगतो, देव करो न् वेळ न येवो. ओले फोटो वाळत घालायला जागा नाही, माणसं नाहीत, तर मधे बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि सरळ फ्रीजरमधे टाका. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, फ्रीजरमधे थांबते, पुढं निवांत काम करता येतं. पुरात आपल्याकडं लाईट कुठली म्हणा, पण वरच्या भागातल्या पाहुण्यांचा फ्रीज असतोच की. आणि सासूबाई आहेत तोवर मोबाईलवर काढलेले फोटो त्यांना दाखवून कोण कोण आहे ते आजच लिहून घ्या. फोटो नंतरही सुटेल.

प्रश्न : एका रद्दीवाल्याकडं फ्रेम केलेला राजर्षी शाहू महाराजांचा फोटो आहे, ओरिजिनल आहे म्हणतो न् पाच हजार सांगतोय. घेऊ का? – एक नवा संग्राहक, शाहूपुरी

भावा, घाई करू नकोस. कोल्हापुरात महाराजांचा फोटो नाही अशी तालीम, शाळा, ऑफिस सापडायचं नाही, तेव्हा कॉपीवरनं कॉपी न् तिच्यावरनं आणखी कॉपी अशा किती निघाल्या असतील विचार कर. महाराज ६ मे १९२२ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतला प्रिंट शंभरीच्या पुढचाच पाहिजे.

गुजरीतल्या कुणा ओळखीच्या सोनाराकडनं भिंग आण. भिंगातनं एकसारखे ठिपके दिसले तर तो फोटोच नाही, छापखान्यात छापलेलं चित्र आहे, पुस्तकातनं नाहीतर कॅलेंडरातनं कापलेलं. ठिपके नाहीत तर फ्रेममधनं काढून मागची बाजू दाखव म्हण. हाताला प्लास्टिकसारखा गुळगुळीत कागद लागला, वर कंपनीचं नाव पुन्हापुन्हा छापलेलं असलं, तर तो १९७० च्या आसपासचा किंवा त्याच्याही नंतरचा. जुना प्रिंट बहुतेक वेळा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, खाली स्टुडिओचं नाव उठावात दाबलेलं असतं, आणि काळ्या भागावर तिरकं धरलं की निळसर चंदेरी चमक दिसते, ती चांदी वर आलेली असते. ही चमक नकली करणं अवघड. पण फ्रेम उघडायला नको म्हणाला तर पाच हजार खिशातच ठेव. आणि फोटो काचेला चिकटलेला दिसला तर तूही हात लावू नकोस, वर वहिनींना सांगितलंय तेच.

माझं ऐकशील तर मोठ्या माणसांच्या फोटोमागं लागूच नको. ज्यांना कोण विचारत नाही असे घरगुती ग्रुप फोटो घे, पण मागं काहीतरी लिहिलेलं असलेले. गाव, साल, स्टुडिओचा शिक्का, काहीही. मागचा पडदा बघ, खांब, जिना, बाग रंगवलेली असते. आपलं गाव पडदे रंगवणाऱ्यांचंच, आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकाचे पडदे रंगवायचे, तिथनंच पुढं कॅमेरा न् सिनेमाकडं वळले. एकाच स्टुडिओचा पडदा वेगवेगळ्या फोटोत ओळखू यायला लागला की साल नसलेल्या फोटोचाही काळ साधारण लावता येतो, आणि खरी मजा तीच आहे.

प्रश्न : मुंबईची नणंद पोरांना घेऊन येणार, एका दिवसात म्युझियम कुठलं दाखवू? पोरं मोबाईलमधनं डोकं काढत नाहीत. – राजारामपुरी

सोमवार टाळा, टाउन हॉलचं बंद असतं. पण सुरुवात तिथनंच करा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं, त्यातनं हे म्युझियम उभं राहिलं. ब्रह्मपुरीवरचीच पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथं आहे, हा ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र घाटाखाली राहिला, मग हा देव आपल्या नदीकाठी कसा आला, एवढं विचारून पोरांना मूर्ती शोधायला सोडा. (रोमशी व्यापार चालायचा, पण लगेच सांगू नका.) मग न्यू पॅलेस, छत्रपतींच्या राजवाड्यातलं म्युझियम. दोन्ही इमारतींचा आराखडा मेजर मँट यांचाच, तेवढं बाहेरनं बघून ओळखायला लावा. न्यू पॅलेसमधे आत कॅमेरा चालत नाही, त्यामुळं मोबाईल आपोआप खिशात. दम उरला तर तुमच्याच राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे, ॲक्टर म्हणून सगळ्यांना माहीत पण त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघायला शेजारची माणसंसुद्धा जात नाहीत.

प्रश्न : पणजीची पितळेची समई आठवण म्हणून अमेरिकेला मुलाकडं पाठवायची आहे. – मंगळवार पेठ

काकू, समई शंभर वर्षांच्या वरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडनं घ्या, नाहीतर कस्टमवाले अडवतील. समई घरात राहू दे, त्याला चप्पल लाईनीतनं चांगली कापशी कोल्हापुरी चप्पल घेऊन पाठवा.

प्रश्न : जुने फोटो लॅमिनेट करू का?

नको.

प्रश्न : फोटोच्या मागं नावं कशानं लिहायची? बॉलपेन चालेल? – कसबा बावडा

बॉलपेन नाही, दाबाची रेघ पुढच्या बाजूला उठते आणि शाई पाझरते. मऊ शिसपेन्सिल, फोटो पालथा कडक सपाट जागेवर ठेवून, कडेला हलक्या हातानं. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथं कागदी पाकिटावर आधी लिहायचं आणि मग फोटो आत घालायचा. डावीकडनं उजवीकडं नावं, गाव, साल. आणि "आत्या" असं लिहू नका, कुणाची आत्या ते लिहा.