पाव-अर्धा नंबर आणि कॉम्प्युटरपुरता चष्मा

यावेळी आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयावरची निघाली म्हणून तिन्ही एकत्रच घेतलीयेत. नवीन वाचकांसाठी एकदा सांगून ठेवते, मी डोळ्यांची डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणारी बाई. ऑपरेशन, मोतीबिंदू, पडदा वगैरे प्रश्न मला विचारू नका, तिथे डॉक्टरच लागतो.

प्रश्न: ताई नमस्कार, वय २९, हिंजवडीत आयटीमध्ये आहे, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. तीनेक महिन्यांपूर्वी संध्याकाळ झाली की डोळे जड व्हायला लागले, चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं, म्हणून ऑफिस सुटल्यावर जाताजाता एका दुकानात तपासून घेतलं तर उजव्याला मायनस ०.५० आणि डाव्याला मायनस ०.२५ शिवाय सिलिंडर मायनस ०.५० असा नंबर निघाला. दुकानदार म्हणाला किरकोळ आहे, कॉम्प्युटरवर बसताना लावा, बाकी वेळ नाही लावला तरी चालेल, आणि ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच घ्यायला लावली तिचे वेगळे पैसे. आता आई म्हणते एकदा नाकावर बसला की चष्मा उतरत नाही, टीममधला एक जण म्हणतो अर्धवेळ लावलास तर नंबर वाढणार, लावायचा तर पूर्णवेळ लाव. आणि मला स्वतःला खरंच असं वाटतंय की चष्मा काढला की आधीपेक्षा जास्त धूसर दिसतं. नेमकं करू काय?

उत्तर: तू २९ चा आहेस म्हणून अरेतुरे करते, चालेल ना. आधी आईचं बघू. तुझ्या वयात चष्मा लावल्यामुळे नंबर वाढत नाही, न लावल्यामुळेही वाढत नाही, अर्धवेळ लावल्यामुळे तर नाहीच नाही. टीममधल्या मित्राला सांग की नंबर म्हणजे ॲंटिबायोटिकचा कोर्स नव्हे अर्धवट सोडला तर बिघडायला. चपला घरात काढून ठेवल्या म्हणून पाय बिघडतात का, तसंच आहे हे.

आता गंमत सांगते. तुझा उजवा नंबर मायनस ०.५०. एक भागिले ०.५० केलं की उत्तर येतं २, म्हणजे त्या डोळ्याला चष्म्याशिवाय दोन मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ दिसतं आणि त्याच्या पुढचं हळूहळू मऊ होत जातं. तुझा स्क्रीन किती लांब आहे? हात लांब करून बोटं टेकतील एवढ्या अंतरावर असेल, साठ-सत्तर सेंटीमीटर. म्हणजे ज्या अंतरासाठी तुला चष्मा दिलाय त्याच अंतरावर तुझ्या मायनसला चष्म्याची गरज नाहीये! उलट मायनस लावून जवळचं बघताना डोळ्याला अर्ध्या नंबराएवढा जास्तच जोर लावावा लागतो. २९ व्या वर्षी तो जोर डोळ्याला जाणवतही नाही त्यामुळे नुकसान काही नाही, पण कॉम्प्युटरला लाव बाकीच्या वेळी काढ हा सल्ला उलटाच झाला. मायनसचा खरा उपयोग लांबच्याला, मीटिंग रूममधल्या भिंतीवरच्या स्क्रीनला, थिएटरमध्ये मागच्या रांगेत बसलास तर, आणि मुख्य म्हणजे रात्री गाडी चालवताना. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दिवसा न जाणवणारा अर्धा नंबर तेव्हा चांगलाच जाणवतो, एक्स्प्रेसवेवरच्या पाट्या जवळ येईपर्यंत वाचता येत नाहीत ते त्यामुळे. तिथे मात्र लाव, विचार करू नकोस.

हाच नंबर प्लस ०.५० असता तर गोष्ट बरोब्बर उलटी झाली असती. प्लसवाल्याला लांबचं बघतानाही जोर लावावा लागतो आणि जवळचं बघताना त्याहून जास्त, त्यामुळे किरकोळ प्लस असलेला माणूस चार्ट खालपर्यंत धडाधड वाचतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. त्याला कॉम्प्युटरपुरता चष्मा हा खरोखर आराम असतो. माझा स्वतःचा प्लस ०.५० आहे, दुपारी चारनंतर एक्सेल उघडायचं असेल तरच लावते, एरवी तो पर्समध्ये. म्हणून कोणी मला विचारलं की माइल्ड नंबर आहे लावू का, तर माझा पहिला प्रश्न कितीचा हा नसतोच, मायनसचा का प्लसचा हा असतो.

मग तुला बरं का वाटतं, कारण वाटत असणार, नाहीतर तीन महिने लावला नसतास. एक तर डावीकडचा सिलिंडर. सिलिंडर म्हणजे डोळ्याची बाहेरची पारदर्शक काच क्रिकेटच्या बॉलसारखी गोल नसून थोडी रग्बीच्या बॉलसारखी असणं, त्यामुळे अक्षरांना एका दिशेने हलकी सावली येते आणि ती जवळ-लांब दोन्हीकडे येते. अर्ध्या सिलिंडरने काही लोकांना कपाळ दुखतं, काहींना आयुष्यभर पत्ता लागत नाही. तू बघ, उजवा डोळा झाकून चष्म्याशिवाय स्क्रीनवरचा काळ्यावर पांढरा मजकूर वाच, इंग्रजी ई च्या आडव्या रेघा आणि एल ची उभी रेघ सारख्याच ठसठशीत दिसतात की एक जण जास्त पुसट आहे? पुसट असेल तर सिलिंडर तुझं काम करतोय. दुसरं कारण अगदीच साधं आहे, समोरून एसीचा झोत येत असेल तर काच तो थोडा अडवते आणि डोळे कमी सुकतात. हसू नकोस, खरं आहे.

कारण तू लिहिलेली लक्षणं, चुरचुर, जडपणा, ही बऱ्याचदा नंबराची नसतातच, कोरडेपणाची असतात. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे बघताना हे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं आणि जे मिटतो तेही अर्धवट. आपल्याकडे मन लावून काम करणाऱ्याला डोळ्यात तेल घालून काम करतो म्हणतात, तोच पुढे डोळ्यात ड्रॉप घालत बसतो. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा जरा खाली घे, म्हणजे बघताना डोळा कमी उघडा राहतो, एसीचा किंवा टेबलफॅनचा तोंडावर येणारा झोत वळव, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघ, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलंस तरी झालं. ड्रॉप लागलेच तर नुसते ओलावा देणारे लागतात. मेडिकलवाल्याला डोळे लाल झालेत म्हणून सांगून तो देईल ते घेऊन येऊ नकोस, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात म्हणून लोक महिनोन् महिने घालतात आणि मग काचबिंदू किंवा मोतीबिंदू घेऊन येतात. तरुण मुलं बघितलीयेत मी अशी, म्हणून इतकं लांबवर लिहिलं.

चष्मा काढल्यावर जास्त धूसर वाटतं त्याचं काय. तुझा डोळा बिघडलेला नाही, तुझी आवड बिघडलीये. आधी तुला माहीतच नव्हतं की समोरच्या गुलमोहराची पानं सुटी सुटी दिसू शकतात, आता बघितलीस. मेंदूला धुसरपणाची सवय होते तशी स्वच्छतेचीही होते. आठवडाभर काढून ठेवलास तर पुन्हा पहिल्यासारखं वाटायला लागेल.

ब्लू कटचं थोडक्यात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आधीच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि कॉम्प्युटरवर काम करताना साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही त्यांना दिसलं नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दुपारच्या उन्हातल्या निळ्याच्या मानाने अगदी फुटकळ असतो. घेतलीस तर घेतलीस, नुकसान नाही, पुढच्या वेळी तेच पैसे चांगल्या अँटिग्लेअर कोटिंगवर घाल, काचेवर मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत नाही हा तरी खरा फायदा आहे.

आता करायचं काय. तुझी तपासणी ऑफिस सुटल्यावर झाली, दहा तास जवळचं बघून डोळ्याचा स्नायू आखडलेला असताना, आणि अशा वेळी थोडा खोटा मायनस निघू शकतो. नंबराची सगळ्यात लहान पायरी ०.२५ ची असते आणि एकाच माणसाला दोघांनी तपासलं तर एखाद्या पायरीचा फरक सहज पडतो, म्हणजे तुझा डावा मायनस ०.२५ हा आहे पण आणि नाही पण. एखाद्या रविवारी सकाळी, नीट झोप झालेली असताना पुन्हा तपासून घे. नंबर काढायच्या मशीनमध्ये डोकावलं की रस्त्याच्या टोकाला तो रंगीत फुगा दिसतो ना, मधेच धूसर होतो आणि पुन्हा स्वच्छ होतो, तो उगाच ठेवलेला नाही, लांबच्या फुग्याकडे बघून तुझा डोळा सैल सुटावा म्हणून आहे. तेव्हा त्याला पकडायला जोर लावू नकोस, निवांत बघ. आणि मशीनचा कागद हातात घेऊन तसाच चष्मा करायला टाकू नकोस, समोर काचा बदलून बदलून ही बरी का ती बरी असं विचारलंच गेलं पाहिजे. तोपर्यंत एक आठवडा चष्मा लावून आणि एक आठवडा न लावता काम कर, रोज संध्याकाळी सहाला कपाळ दुखतंय का एवढं मोबाइलमध्ये लिहून ठेव. फरक पडला तर लाव, नाही पडला तर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहू दे. फक्त एकाच डोळ्याला अचानक कमी दिसलं, दोन दोन दिसायला लागलं किंवा डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं तर माझ्या उत्तराची वाट न बघता थेट डॉक्टरकडे जा.

प्रश्न: मी ५२ वर्षांची, कोल्हापूरला पतसंस्थेत कामाला आहे. लांबचा नंबर नाही, चाळिशी आहे, सध्या प्लस २. चष्म्याने पावती, पासबुक छान दिसतं पण कॉम्प्युटरकडे बघितलं की धूसर, म्हणून पुढे वाकून बसते आणि मान धरते. चष्मा काढला तर त्याहून धूसर. नंबर चुकीचा काढलाय का?

उत्तर: नंबर बरोबर आहे ताई, अंतर चुकीचं आहे. वरचंच गणित, एक भागिले दोन म्हणजे अर्धा मीटर. तुमच्या चष्म्याने ५० सेंटीमीटरच्या आतलं स्वच्छ दिसणार, तुमचा मॉनिटर ६५-७० वर असणार, म्हणून तुम्ही त्या चष्म्याच्या हद्दीत यायला पुढे वाकता. घरातली शिवणाची टेप उद्या ऑफिसला न्या, नेहमीसारखं टेकून बसा आणि शेजारणीला डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तो आकडा तपासणाऱ्याला द्या आणि तेवढ्या अंतराचा वेगळा नंबर मागा, तुमच्या बाबतीत तो साधारण प्लस १ ते सव्वाच्या आसपास येईल, पण घालून बघूनच ठरवायचा.

हा चष्मा खुर्चीचा आहे असंच समजा. उठताना काढायचा, तो लावून जिना उतरायचा नाही, पायऱ्या धूसर दिसतात आणि पाय चुकतो. प्रोग्रेसिव्ह घ्या म्हणून आग्रह होईल, त्यात एकाच काचेत सगळे नंबर असतात हे खरं, पण मधला कॉम्प्युटरचा पट्टा अरुंद असतो आणि तो सापडायला हनुवटी वर करून बसावं लागतं, म्हणजे मान दुखायची ती दुखणारच. दिवसभर स्क्रीन असेल तर साधा वेगळा चष्मा स्वस्तही पडतो आणि सुखाचाही. रस्त्यावरचे तयार चष्मे घरात भाजी निवडताना, मोबाइल बघताना वापरायला हरकत नाही, दोन्ही डोळे सारखे असतील आणि सिलिंडर नसेल तर. दिवसभराच्या कामाला मात्र नकोत, त्यांतल्या काचांचे मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर येतीलच असं नाही.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, नंबर दोन्हीकडे मायनस ०.७५. डॉक्टरांनी चष्मा दिलाय पण इतक्या लहान वयात सवय नको म्हणून आम्ही फक्त टॅबवर अभ्यास करताना लावायला देतो, शाळेत नेऊ देत नाही. बरोबर आहे ना?

उत्तर: नाही, नेमकं उलटं झालंय. पाऊण नंबरवाल्याला टॅब चष्म्याशिवाय स्वच्छच दिसतो, फळा दिसत नाही. तुम्ही त्याला जिथे नको तिथे चष्मा देताय आणि जिथे पाहिजे तिथून काढून घेताय. आणि पहिल्या पत्राला जे उत्तर दिलंय ते इथे लावू नका, २९ वर्षांच्या माणसाचा डोळा वाढायचा थांबलेला असतो, नऊ वर्षांच्याचा वाढतोय, तिथे कधी आणि किती वेळ लावायचा हे डॉक्टर म्हणतील तसंच. कमी लावला की कमी वाढतो असाही समज आहे. २००२ मध्ये मलेशियात मुलांना मुद्दाम पाऊण नंबर कमी देऊन बघितलं होतं, त्यांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्तच वाढला.

डोळ्यात औषध घालून तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, मुलांचे स्नायू इतके ताकदवान असतात की त्याशिवाय खरा नंबर कळतोच असं नाही. त्या दिवशी काही तास त्याला जवळचं दिसणार नाही आणि उजेड सहन होणार नाही, त्यामुळे गृहपाठ आदल्या दिवशीच उरकून घ्या. रोज दीडदोन तास बाहेर, उजेडात खेळू दे, मायनस लागायचं प्रमाण त्याने कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, लागलेला मात्र त्याने उतरत नाही.

आणि फ्रेम नाकावरून घसरतीये का ते बघा. घसरत असेल तर पोरगं काचेतून नाही, काचेच्या वरून बघतं, आणि आपण समजतो की चष्मा लावलाय.