जानेवारीत परतीचं तिकीट काढू नका

ताई, तुमचं पत्र मिळालं. ऑक्टोबरात एमएससाठी जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलेला मुलगा दोन महिने एल्बे नदीचे, ट्रामचे, ख्रिसमसच्या बाजाराचे व्हिडिओ पाठवत होता. आता फोनवर धड बोलत नाही. परवा म्हणाला, ‘आई, इथं माझं काही नाही, परत येतो.’ त्याचे बाबा कर्जाचा आकडा काढतात आणि तुम्ही विचारता, बोलावून घेऊ का?

एवढ्यात नको.

कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञानं 1960 साली परदेशात राहायला गेलेल्यांबद्दल लिहिताना पहिल्या टप्प्याला मधुचंद्र म्हटलं होतं. तो ओसरला की भाषा, एकटेपण, कागदपत्रं सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या मुलाचं तेच चाललंय, आणि त्यात हिवाळा. डिसेंबरात तिथं चारच्या सुमारास सूर्य मावळतो, रविवारी दुकानं बंद. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागं गेल्यावर आपल्यातलं अंतर साडेचार तासांचं झालं. संध्याकाळी सहाला तो खोलीवर येतो तेव्हा तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात. त्याला बोलावंसं वाटतं त्या वेळी घर झोपायला निघालेलं असतं. हे फार लागतं हो.

म्हणून आधी एक गोष्ट शोधा. त्याला नकोसं काय झालंय, विषय की तिथलं राहणं? दोन्हींवर उपाय वेगळे. प्रयोगशाळेबद्दल बोलताना आवाजात जीव येत असेल, तर विषय बरोबर आहे. मग अडतं ते बहुतेक वेळा भाषेवर. शिकवणं इंग्रजीत असलं तरी मैत्री, घर, अर्धवेळ काम सगळं जर्मनवर चालतं. जर्मनच्या ए1 या अगदी सुरुवातीच्या पातळीवर थांबला असेल तर विद्यापीठाच्या भाषावर्गात नाव घालू दे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. तेव्हा बी2 ही बरीच वरची पातळी हाताशी असलेल्याला कितीतरी जास्त दारं उघडी असतात.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, दिवसचे दिवस खोलीबाहेर पडत नसेल, तर मात्र वाट पाहू नका. विद्यार्थ्यांची मेस आणि वसतिगृहं चालवणाऱ्या श्टुडिरेंडेनवेर्क या संस्थेत समुपदेशनही मिळतं. तिथं याच आठवड्यात जाऊ दे. तब्येत जास्त बिघडली तर कोर्सपेक्षा मुलगा मोठा, बिनधास्त बोलवा.

बाबांना माझी कळकळीची विनंती: कर्जाचा विषय फोनवर काढू नका. त्याला तो आकडा पाठ आहे. खर्चासाठी आधीच भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला ठरलेले युरो हातात पडतात तेव्हा त्याला तोच आठवत असतो.

तब्येत ठीक असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा देऊ दे. एप्रिलमध्ये उन्हाळी सत्र सुरू होतं, दिवस मोठे झालेले असतात. तेव्हाही विषयच नकोसा वाटला, तर इथल्या पर्यायांवर आपण तिघं मिळून बोलू. आणि तोवर आठवड्यातून दोनदा तरी तुम्ही साडेदहानंतर जाग्या राहा. फोन त्याला करू दे.